पिकअपला ‘पिकअप’ देताना: जुन्या डिझेल गाडीला घरी टर्बो बसवण्याची रीत

मराठीत ‘पिकअप’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे गाडी आणि दुसरा म्हणजे त्या गाडीत सहसा नसलेला गुण. जुन्या, साध्या डिझेल इंजिनाची पिकअप भरून चढाला लागली की तिसरा ठेवावा की दुसरा टाकावा या विचारातच अर्धा चढ जातो. मागे गाड्यांची रांग लागते आणि आरशात आपलाच काळा धूर दिसतो. मी अशा दोन गाड्यांना घरच्या शेडमध्ये टर्बो बसवला आहे. पहिल्या गाडीवर चुका केल्या, दुसऱ्या गाडीवर त्या टाळल्या. खालचा क्रम दुसऱ्या गाडीचा आहे, शहाणपण मात्र बरंचसं पहिलीचं आहे.

ज्याने आधी हेड उतरवलं नसलं तरी मॅनिफोल्ड (हेडला जोडलेला, हवा आत नेणारा किंवा धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड), स्टार्टर, रेडिएटर स्वतःच्या हाताने खोलून परत बसवलं आहे, त्याला हे काम जमतं. तयार किट असेल तर दोन-तीन शनिवार-रविवार पुरतात. एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड स्वतः बनवायचा असेल तर महिन्याभराची तयारी ठेवा आणि तेवढे दिवस दुसऱ्या गाडीची सोय बघा. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच करायची: इंजिनात असा बदल केल्यावर नोंदणी, तपासणी आणि विमा यांचे तुमच्या इथले नियम काय म्हणतात ते पाना हातात घेण्याआधी विचारून घ्या. टर्बो उतरवायला बसवण्यापेक्षा जास्त कंटाळा येतो.

टर्बो काय देतो आणि काय देत नाही

पेट्रोल इंजिनात आपण पायाने हवा कमी-जास्त करतो. डिझेलमध्ये तसं नसतं. तिथे हवा दरवेळी मिळेल तेवढी आत येते आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेलचं माप ठरवतो. म्हणून साध्या डिझेल इंजिनाची मर्यादा हवेत असते. पंपातून आणखी डिझेल सोडता येतं, पण ते जाळायला हवा नसते. मग ते अर्धवट जळून धूर होतं आणि सिलिंडरचं तापमान चढत जातं. उंचावर गेलं की हवाच विरळ होते. साधारण १००० मीटरला तिची घनता दहाएक टक्क्यांनी घटते आणि तेवढाच दमही घटतो.

बाहेर जाणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक चाक (टर्बाइन) फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने (कॉम्प्रेसर) हवा आत कोंबायची, ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ सालीच पेटंट करून ठेवली होती. आपण करतो ते तेच. फक्त एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसता टर्बो बसवला आणि पंपाला हात लावला नाही, तर धूर जवळपास जातो, एक्झॉस्ट थंड होतो, आणि ओढ थोडीच वाढते. खरी ओढ जास्तीच्या डिझेलमधून येते. टर्बो ते डिझेल जाळायची परवानगी देतो, एवढंच.

किती परवानगी, ते हिशेबाने बघू. ०.५ बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय दाब ठेवला तर हवेचा दाब दीडपट झाला. पण दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश असेल तर ठीकठाक कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून ती ९०-९५ अंशांना बाहेर पडते आणि तापलेली हवा फुगते. त्यामुळे प्रत्यक्षात दीडपट नाही, सव्वापट हवा मिळते. दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरने ती ५५ अंशांवर आणली तर सुमारे १.४ पट. जुन्या इंजिनाला सव्वापट हवादेखील पुष्कळ होते. फलाण्याने १५ पीएसआय लावलंय असं कुणी सांगितलं तर ती गाडी अजून चालते का, ते आधी विचारा.

आधी इंजिनाची नाडी

टर्बो म्हाताऱ्या इंजिनाला तरुण करत नाही, उलट त्याची दुखणी लवकर बाहेर काढतो. इंजिन गरम असताना तेल भरायचं झाकण काढून उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. ते किंचित थरथरलं तर हरकत नाही. उडून पडलं, किंवा तिथून भकाभक वाफा आल्या, तर इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन’ मारतंय, रिंगा गेल्यात. मग हा लेख बाजूला ठेवा आणि आधी इंजिन बांधून घ्या.

झाकणाची परीक्षा पास झाली तर कॉम्प्रेशन मोजा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेच्या चांगला वर हवा, आणि सगळ्या सिलिंडरांत तो जवळपास सारखा हवा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिझेल फवारणारे नोझल काढलेच आहेत तर ते टेस्ट बेंचवर तपासून घ्या. ठिबकणारा नोझल साध्या इंजिनात नुसती खडखड करतो, पण टर्बो लावून पंप वाढवल्यावर तोच नोझल पिस्टनच्या डोक्याला भोक पाडतो. रेडिएटर साफ, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट धड, बेल्ट ताणलेला, एवढं पाहा. क्लच आताच चढावर घसरत असेल तर टर्बोनंतर तो पहिल्याच आठवड्यात हात वर करणार.

तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे तेही माहीत हवं. जुन्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा प्री-चेंबरचं इंजिन असतं. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं आणि तिथून सिलिंडरमध्ये येतं. अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर २१ किंवा २२ ला १ असतं. म्हणजे मुळातच दाब भरपूर, शिवाय हेडवर उष्णतेचा मारा जास्त. इथे ०.५ बारवर थांबावं, फार तर ०.६. थेट पिस्टनवर डिझेल सोडणारं इंजिन असेल तर गुणोत्तर १७-१८ च्या आसपास असतं आणि थोडी जास्त मोकळीक मिळते.

कंपनी जेव्हा टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा बऱ्याचदा पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी कडं ओतते, पिन जाड घेते, पिस्टनच्या पोटावर तेलाची फवारणी करणारे जेट देते. आपल्या साध्या इंजिनात यातलं काही असेलच असं नाही. ही गोष्ट कायम डोक्यात ठेवली की स्क्रू फिरवताना हात आपोआप आखडता राहतो.

टर्बोच्या आधी मीटर

पहिल्या गाडीवर मी टर्बो बसवून महिनाभर हिंडलो आणि मग मीटर लावला. त्या महिन्यात इंजिनाचं काय झालं नाही हा नशिबाचा भाग. दोन मीटर लागतात. एक दाबाचा, दुसरा एक्झॉस्टच्या तापमानाचा, म्हणजे पायरोमीटर. पैसे कमी पडत असतील तर इंटरकूलर सोडा, रंग सोडा, पायरोमीटर सोडू नका.

त्याचा सेन्सर के-टाइप थर्मोकपल असतो आणि तो मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी बसवायचा, दोन-तीन सिलिंडरांचा वायू एकत्र येतो अशा जागी. टर्बोच्या नंतर लावला तर जोर असताना तापमान १०० अंशांनी किंवा त्याहूनही कमी दिसतं. म्हणजे मीटर गोड बोलतो आणि पिस्टन वितळतो. मॅनिफोल्ड टेबलावर असतानाच भोक पाडा, १/८ इंची पाईपचे आटे पाडा, आणि आतला कीस चुंबकाने आणि हवेने पूर्ण काढा. गाडीवरच भोक पाडायची वेळ आली तर टर्बो बसवण्याआधी पाडा. लोखंडाचा एक कण टर्बाइनच्या पात्यांत गेला की खेळ संपतो.

माझे आकडे असे आहेत: ६५० अंश सेल्सिअसपर्यंत दिवसभर चालवा. ६५० ते ७०० हा पट्टा एखाद्या लहान चढापुरता. ७०० ही लक्ष्मणरेषा. पिस्टनचं ॲल्युमिनियम मिश्रण ६०० च्याही खालीच मऊ पडायला लागतं. ते टिकतं ते रिंगा आणि तेल उष्णता ओढून नेतात म्हणून, आणि त्यांना थोडा वेळ द्यावा लागतो.

टर्बो लावायच्या आधी मीटर बसवून नेहमीच्या चढावर नेहमीच्या वजनासह एक फेरी मारा आणि आकडा लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्या आकड्याशी करायची आहे.

कोणता टर्बो

सगळ्यात सोपी वाट म्हणजे आपल्याच इंजिनाचा टर्बोवाला भाऊ शोधणं. मित्सुबिशीचं ४डी५६, इसुझुचं ४जेबी१, टोयोटाचं २एल ही इंजिनं साधी आणि टर्बो अशा दोन्ही रूपांत आली. फोर्डच्या ७.३ लिटरच्या जुन्या प्री-चेंबर इंजिनालाही शेवटच्या वर्षांत कंपनीचाच टर्बो मिळाला. असा भाऊ असेल तर मॅनिफोल्ड, टर्बो, तेलाचे पाईप असा अख्खा संच उचलता येतो. हेडवरची भोकं जुळतात का ते जुनं पॅकिंग नव्या मॅनिफोल्डवर ठेवून बघा.

भाऊ नसेल तर हिशेब करा. समजा २.५ लिटरचं इंजिन ४००० आरपीएमला फिरतंय. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतं, म्हणजे मिनिटाला ५००० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून त्याचे ८५ टक्के, सव्वाचार हजार लिटर. उन्हाळ्याच्या हवेचं वजन घनमीटरला १.१५ किलो धरलं तर मिनिटाला सुमारे ४.९ किलो, आणि वरचा सव्वापटीचा हिशेब लावला तर सहा किलोच्या थोडं वर. टर्बो बनवणारे कॉम्प्रेसरचा जो नकाशा देतात त्यावर हा आकडा आणि १.५ चं दाब-गुणोत्तर जिथे भेटतात, तो बिंदू मधल्या बेटावर पडायला हवा. डाव्या रेषेच्या पलीकडे गेला तर हवा उलटी उसळते आणि टर्बो भुंकल्यासारखा आवाज करतो. फार उजवीकडे गेला तर नुसती गरम हवा मिळते.

पिकअपला दाब खालच्या आरपीएमवर हवा, १६००-१८०० ला. त्यामुळे दोन टर्बोंत मन अडकलं तर लहान घ्या. मोठा टर्बो कागदावर शोभतो आणि चढावर झोपतो. आत वेस्टगेट, म्हणजे दाब वाढला की एक्झॉस्टचा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, असलेलाच घ्या. पाती हलवून दाब सांभाळणारे नव्या जमान्याचे टर्बो फुकट मिळाले तरी पहिल्या कामाला नकोत.

वापरलेला टर्बो घेताना दांड्याचं टोक चिमटीत धरा. बाजूला किंचित हलला तर चालतं, तेलाशिवाय तेवढं अंतर असतंच. पण पातं घराला घासता कामा नये. आत-बाहेर मात्र हाताला अजिबात जाणवायला नको. पात्यांच्या कडा बोटाने तपासा, एकही कुरतडलेली नको. वेस्टगेटच्या डबीला रेग्युलेटर लावून हवा द्या आणि दांडी कधी हलायला लागते ते मीटरवर पाहा. ०.४-०.५ बारला हलली तर ठीक. आठ बारवरही ढिम्म राहिली तर डबी गंजलेली आहे. मुळात आठ बार द्यायचेच नव्हते, पण मी दिले होते.

मॅनिफोल्ड

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, आणि आदल्या रात्रीच सगळ्या स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी एखादा तुटतोच. तुटला तर चिडून ईझी-आउट (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालून तोही आत तोडू नका. स्टडवर नट ठेवून वेल्ड करा आणि लाल असताना नाही, कोमट झाल्यावर हळूहळू पुढे-मागे फिरवा.

भावाचा मॅनिफोल्ड नसेल तर जाड भिंतीच्या स्टीम पाईपच्या बेंडमधून तो बनतो. फ्लँज १०-१२ मिलिमीटर जाड घ्या, वेल्डिंग करताना तो हेडवर किंवा जाड पाटावर आवळून ठेवा, आणि तरीही शेवटी सपाट घासून घ्यायची तयारी ठेवा. तो वाकणारच. जुना बिडाचा मॅनिफोल्ड कापून त्यावर फ्लँज जोडायचा मोह होतो. बिडाला निकेलचा रॉड लागतो, आधी तापवावं लागतं आणि मग तासन्‌तास सावकाश गार करावं लागतं. हे रोजचं काम असलेल्या वेल्डरकडे द्या. माझा घरी केलेला जोड तिसऱ्या दिवशी ‘टिक’ करून चिरला होता.

टर्बोचं वजन मॅनिफोल्ड एकट्याने पेलू शकत नसेल तर ब्लॉकपासून खालून एक टेकू द्या, पण तो तापून लांब होणाऱ्या लोखंडाला जागा देणारा हवा. पॅकिंग धातूचं, नट उष्णतेत न सुटणारे लॉकनट, आणि आट्यांवर अँटी-सीझ.

तेल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल येणं आणि तेल जाणं, दोन्ही नीट हवं. येण्याची काळजी सगळे घेतात. बिघडतं ते जाण्यात.

येणारं तेल ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून घ्या. आतून ४ ते ६ मिलिमीटरचा, स्टीलच्या जाळीचा, टेफ्लॉनच्या आतल्या नळीचा होज वापरा. साध्या बेअरिंगच्या टर्बोला सहसा तेल अडवणारं छिद्र लावावं लागत नाही. बॉल बेअरिंगचा असेल तर लागतं, साधारण १ मिलिमीटरचं. होज मॅनिफोल्डपासून लांब न्या आणि उष्णतारोधक बाही चढवा. तापलेल्या बिडावर तेलाची पिचकारी म्हणजे आग. आट्यांना सिलिकॉन फासू नका. त्याची एक चिंधी सुटून आत गेली की दांडा कोरडा पडतो.

जाणाऱ्या तेलाला मात्र दाब नसतो. टर्बोतून ते फेसाळून बाहेर पडतं आणि फक्त स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उतरतं. म्हणून नळी आतून १६ ते १९ मिलिमीटरची, सरळ उताराची, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. टर्बोचं मधलं घर फिरवून तेलाचं बाहेरचं तोंड बरोबर खाली आणा, उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नका. चेंबरला भोक पाडायचं तर तो उतरवून पाडा, आत नळीचा तुकडा वेल्ड करा, धुवा, मग बसवा.

पहिल्या गाडीवर ही नळी मी चेसिसच्या आडव्या पट्टीखालून नेली. दोन बोटांचा झोल होता, म्हटलं एवढ्याने काय होतंय. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली की पाच मिनिटांनी मागून निळसर पांढरा धूर यायचा, चालवली की बंद. सगळ्यांनी एकच निदान केलं, टर्बोचं सील गेलं. मी मधला अख्खा गाभा बदलला. धूर तसाच. शेवटी वैतागून नळी सोडली तर त्या झोलात कपभर तेल साचलेलं. वर जागा नाही म्हणून टर्बोतलं तेल मिळेल त्या फटीतून टर्बाइनकडे सरकत होतं. नळी पट्टीच्या वरून सरळ उतरवली आणि धूर त्याच दिवशी गेला. काढलेला गाभा चांगलाच होता, तो अजून फळीवर पडून आहे.

टर्बोच्या मधल्या घराला पाण्याची तोंडं असतील तर ती बंद करून टाकू नका, हीटरच्या लाइनमधून पाणी द्या.

हवेचा रस्ता

फिल्टरपासून टर्बो, टर्बोपासून इनटेक. फिल्टर मोठ्या इंजिनाचा घ्या, जुना फिल्टर सव्वापट हवेला गुदमरतो. दाबाच्या बाजूचे पाईप धातूचे, जोड सिलिकॉनचे, आणि पाईपच्या टोकाला उठलेली कड असलीच पाहिजे. गुळगुळीत पाईपवर साधी जुबली क्लिप कितीही आवळा, भर चढावर ‘फट्’ होतं आणि मागे काळ्या धुराची भिंत उभी राहते. टी-बोल्टचे क्लॅम्प वापरा. काम थांबवून जेवायला जाताना टर्बोच्या तोंडात चिंधी कोंबायची सवय असेल तर ती भडक रंगाची घ्या आणि तिचं एक टोक बाहेर लोंबू द्या.

आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. जुन्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या वाफांची नळी सरळ इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली असते. तिथे आता दाब येणार. ती तशीच ठेवली तर टर्बो आपली हवा इंजिनाच्या पोटात भरेल आणि सगळी ऑइल सीलं ओली होतील. ती नळी तिथून काढून टर्बोच्या आधी, फिल्टरनंतर जोडा, मध्ये तेल अडवणारी डबी ठेवा. आणि इनटेकच्या तोंडाशी झडप असून तिथून पातळ नळी डिझेल पंपाकडे जात असेल, तर तुमच्या पंपाचा गव्हर्नर, म्हणजे डिझेलचं माप सांभाळणारा भाग, हवेच्या ओढीवर चालतो. अशा गाडीला पंपाचं काम आधी, टर्बो नंतर.

सगळं जोडल्यावर फिल्टरच्या बाजूचं तोंड बूच लावून बंद करा, तेलाचं झाकण उघडं ठेवा, रेग्युलेटरने ०.५ बार हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे बोलतात. तेलाच्या झाकणातून थोडी हवा येणारच, उघड्या व्हॉल्व्हमधून ती खाली जाते.

इंटरकूलरबद्दल माझं मत: ०.५ बारवर तो नसला तरी भागतं. आधी त्याच्याशिवाय सगळं नीट चालवा. एकाच वेळी दहा जोड वाढवले की गळती कुठे आहे ते सापडत नाही. जागा ठेवा, पुढच्या वर्षी बसवा.

टर्बोनंतरचा एक्झॉस्ट जितका मोकळा तितका बरा, लहान इंजिनाला अडीच इंच पुरतो. मॅनिफोल्डवर भार येऊ नये म्हणून मध्ये लवचीक जाळीचा तुकडा टाका. जवळची ब्रेकची नळी, वायरिंग आणि डिझेलचे पाईप पत्र्याच्या आडोशाने वाचवा.

पहिला स्टार्ट

नवं तेल, नवा फिल्टर. टर्बोच्या तेलाच्या तोंडात चमचाभर तेल ओता आणि चाक बोटाने फिरवा. मग पंपाच्या स्टॉप सॉलिनॉइडची वायर काढा म्हणजे इंजिन पेटणार नाही. खालची नळी चेंबरकडून सोडून बरणीत धरा आणि सोबत्याला स्टार्टर मारायला सांगा, दहा सेकंद मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळी बरणीत तेलाची धार येते. धार पाहिल्याशिवाय आणि नळी परत बसवल्याशिवाय वायर जोडू नका.

त्याआधी अजून एक तयारी. टर्बोचं सील खरंच गेलं किंवा तेल इनटेकमध्ये शिरलं तर डिझेल इंजिन त्या तेलावर पळत सुटतं. चावी काढा, वायर काढा, ते थांबत नाही, आरपीएम वाढतच जातात. त्यावर उपाय एकच, हवा बंद करणं. टर्बोचं हवेचं तोंड पूर्ण झाकेल असा प्लायवुडचा जाड तुकडा कापून सोबत्याच्या हातात द्या आणि त्याला काय करायचं ते दोनदा सांगा. हात किंवा फडकं लावू नका, दोन्ही आत ओढलं जातं. पहिल्या स्टार्टला फिल्टर सोडून ठेवा म्हणजे तोंड मोकळं मिळेल, पण त्या तोंडाजवळ काहीही सुटं नको. अग्निशामक जवळ हवाच.

इंजिन सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा. नव्या पॅकिंगचा आणि हाताच्या तेलाच्या डागांचा धूर येईल, तो विरतो. टॉर्च घेऊन तेलाचा प्रत्येक जोड बघा. बंद करा, गार होऊ द्या, मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा.

पंपाचा स्क्रू

पहिले काही दिवस पंपाला हात लावू नका. तोच चढ, तेच वजन. आता पायरोमीटरचा आकडा आधीपेक्षा खाली यायला हवा आणि दाबाचा काटा ०.५ च्या आसपास थांबायला हवा. दाब वरच चढत गेला तर वेस्टगेटची नळी निघाली आहे, लगेच पाय काढा.

दोन्ही बरोबर असतील तर मग डिझेल. बॉश व्हीई जातीच्या रोटरी पंपात मागच्या बाजूला, नोझलच्या नळ्या निघतात तिथे, लॉकनट असलेला फुल लोडचा स्क्रू असतो. आधी त्याची जागा रंगाच्या रेघेने खुणावून ठेवा. आत फिरवला की डिझेल वाढतं. एका वेळी अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. लॉकनट आवळा, आयडल वर गेलं असेल तर त्याच्या स्क्रूने खाली आणा, आणि चढावर फेरी मारून आकडा लिहा. स्क्रू फार आत गेला तर पाय काढल्यावरही आरपीएम खाली येत नाहीत. तसं झालं की लगेच मागे फिरा. पंप दुसऱ्या जातीचा असेल तर त्याच्या मॅन्युअलशिवाय किंवा पंपवाल्याशिवाय हात घालू नका.

कंपनीच्या टर्बो पंपावर दाब आल्यावरच जास्तीचं डिझेल सोडणारा पडदा असतो. साध्या पंपावर तो नसतो, त्यामुळे दाब तयार होण्याआधीच जास्तीचं डिझेल जातं आणि खालच्या आरपीएमवर धुराचा गोळा निघतो. तो गोळा हलका करडा असेपर्यंत ठीक. काळा झाला की अर्धी पायरी मागे. माझ्या दुसऱ्या गाडीचा स्क्रू तीन अष्टमांशांवर थांबला. चौथ्याला चढाच्या माथ्यावर काटा ६९० ला टेकला, तो मी परत घेतला.

त्यानंतर

चढावरून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवायचं, नाहीतर दांड्याभोवती थांबलेलं तेल जळून कोळसा होतं. तेल बदलायचं अंतर जवळपास निम्मं करा आणि टर्बो डिझेलच्या दर्जाचं तेल घाला. भरलेली गाडी चढवताना नजर रस्त्यावर, मग पायरोमीटरवर, मग पुन्हा रस्त्यावर. काटा ६५० ओलांडायला लागला की गिअर उतरवा. आरपीएम वाढले की हवा वाढते आणि काटा स्वतःहून मागे येतो.

५०० किलोमीटरनंतर गार इंजिनावर मॅनिफोल्डचे सगळे नट, टर्बोचे चार बोल्ट आणि सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा पान्याखाली घालून पाहा. दुसऱ्या गाडीत बारापैकी तीन नट पाव-पाव फेरा फिरले, आणि तिन्ही त्याच टोकाचे होते जिथे मी टेकू द्यायला आळस केला होता.